उष्ट्या हातांची डॉक्टर

अनघा, काल तुझं तेरावं झालं. तिथीने ते मंगळवारीच होतं, पण इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबासारख्या गावात तिथी पंचांगावर ठरत नाही, हॉल कधी रिकामा आहे त्यावर ठरते. म्हणून शनिवारी झालं. आज सकाळपासून सगळे फोन करून विचारतायत, "माधवी, बरी आहेस ना? रडून घे गं, मोकळं वाटेल." मला रडू येत नाहीये. मला शिसारी येतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "माधे, तुला कधी येत नव्हती?"

तेही खरंच. दुसऱ्याने तोंड लावलेला पेला मी घासूनसुद्धा वापरत नाही. शाळेत पोरं पेनं चावत बसतात आणि गणित विचारायला तीच पेनं माझ्या हातात देतात, तेव्हा मी रुमाल पुढे करते. पण कालची शिसारी तसली नव्हती. साबणाने जाणारी नव्हती.

तुझा फोटो लावला होता दिवाळीतला, नथ घातलेला. मी सुहासला आधीच सांगितलं होतं, क्लिनिकमधला लाव, निळ्या कपड्यांतला, कपाळावर तो दिवा बांधलेला. तर तुझा नवरा म्हणाला, "आईला तो आवडत नाही." बायको गेली, डोक्यावरचे केस गेले, तरी याच्या घरात कुठला फोटो लागायचा ते आई ठरवणार! मी फोन ठेवला. नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

मग भाषणं झाली. सुहास म्हणाला, अनघाने घर इतकं छान सांभाळलं म्हणून मी माझ्या करिअरकडे लक्ष देऊ शकलो. कुणी तुझ्या पुरणपोळ्या काढल्या, कुणी रांगोळ्या. एक जण डोळे पुसत म्हणाला, वहिनींच्या हातच्या पोह्यांना तोड नव्हती. कोण म्हणाला सांगू? तोच तो, ज्याची अक्कलदाढ तू सुट्टीच्या दिवशी क्लिनिक उघडून काढलीस, आणि जो खुर्चीत "आई गं, आई गं" करत तुझा दंड धरून बसला होता. त्याला पोहे आठवले! त्या हॉलमधल्या निम्म्या तोंडांत तुझं काम होतं, अनघा, आणि एकाही तोंडातून दात हा शब्द निघाला नाही.

तुझी लेक रिया माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "मावशी, दे आर टॉकिंग अबाउट सम अदर लेडी." पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

हे सगळं आपोआप झालं असं समजू नकोस. शर्वरीचा मला गुरुवारी फोन आला होता. इथल्या मराठी मंडळाची अध्यक्षा ना ती, तेराव्याचंही सूत्रसंचालन तिच्याचकडे. म्हणाली, "माधवी, तू तिची बेस्ट फ्रेंड. चार शब्द बोलच. फक्त प्लीज, दात-बित नको हं. लगेच जेवण आहे. लोकांना कसंसंच होतं. तिच्या स्वभावाबद्दल बोल ना." अगदी हेच शब्द, अनघा. हळदीकुंकवाला तुला जे ऐकवले होते तेच, जसेच्या तसे. बाईने पाठ करून ठेवलेत की काय कोण जाणे.

तुझी-माझी ओळखच मुळी दाढेवरून झाली. मी या गावात नवी, गाडी येत नाही, बसचा पत्ता नाही, आणि गाल टम्म सुजलेला. तू स्वतः मला न्यायला आलीस. खुर्चीत दिव्याखाली तोंड वासून पडले आणि मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी मधेच तुझा हात बाजूला करून विचारलं, "तुला किळस नाही येत?" तू मास्क खाली केलास. "तोंडाची? तोंडातून जे बाहेर पडतं त्याची येते कधीकधी. आत हात घालायची नाही येत." आणि पुन्हा दाढेला लागलीस. त्या दिवसापासून मी तुझी.

आणि तुझ्या घरी पहिल्यांदा आले तो दिवस. आपण दोघी तुझ्या गाडीतून उतरलो. मला म्हणालीस, तू पुढच्या दाराने जा, मी आलेच. आणि तू गराजमधून, मागच्या दाराने, लाँड्रीत म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत गेलीस. आत आंघोळ केलीस, कपडे बदललेस, ओले केस घेऊन स्वयंपाकघरात आलीस. मला वाटलं उकडत असेल. जुलै महिना, टूवूंबातली हाडं गोठवणारी थंडी, कसलं डोंबलाचं उकडतंय! नंतर कळलं. तुझ्या सासूबाईंचा नियम. दिवसभर परक्यांच्या उष्ट्यात हात घालून आलेल्या सुनेने आंघोळीशिवाय घरात शिरायचं नाही. शिरल्यावरही देवाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला लावायचा नाही, नैवेद्याचं तर नावच नको. "हातमोजे घालते हो आई," तू एकदा सांगून पाहिलंस. त्या म्हणाल्या, "हातमोज्याने विटाळ थांबतो होय?" त्या घराचं कर्ज कुणाच्या उष्ट्या हातांनी फिटत होतं, हे विचारायची तिथे सोय नव्हती.

मी कितीदा भांडले तुझ्याशी! "अगं, तू डॉक्टर आहेस, नर्सरीतलं पोर नाहीस. सांग ना त्यांना." तू म्हणायचीस, "घरात शांतता असली की माझा हात कापत नाही, माधे. मला तेवढं पुरे." मी म्हणायची, "ही शांतता नाही, हा बुळेपणा आहे." तू हसायचीस. तुझं ते हसणं मला असह्य व्हायचं, आज सांगते.

मग तुझ्या आयुष्यात ग्रॅनी टूथ आली.

तुझी ती पेशंट जोन, डोंगरापलीकडच्या शेतावरची, नव्वदीला टेकलेली, एक दिवस बिस्किटांच्या डब्यात तिच्या पणजीने बनवलेली कवळी घेऊन आली. काळपट लाल, कडक रबराची, वर पिवळे पडलेले दात. तू मला ती बघायला बोलावलंस आणि मी दारातूनच "शी!" म्हटलं. तू मात्र ती दागिन्यासारखी तळहातावर धरली होतीस. "अगं, दीडेकशे वर्षांपूर्वीची आहे. बाईने केलीय. इथे, याच भागात." तुझा आवाज चढला होता. तू अशी कधी बोलत नव्हतीस.

पुढे महिनोन्‌महिने जोन तुझ्या खुर्चीत बसून सांगायची आणि संध्याकाळी तू मला सांगायचीस. ही पणजी म्हणजेच ग्रॅनी टूथ, घरातले तिला याच नावाने ओळखायचे. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. दारूने त्याचे हात थरथरायला लागले. बाई शेजारी उभी राहून बघायची, अवजारं धुवायची, माणसाचं डोकं धरायची, आणि बघता बघता काम तिच्याच हातात आलं. शिकायला जावं तर बाईला कोण घेणार? नवरा मेला तरी दारावरची त्याच्या नावाची पाटी तशीच राहिली, कारण तिच्या नावाची लावली तर कोण आत येणार? बायका-पोरं पुढच्या दाराने यायची. पुरुष दिवेलागणीला मागच्या दाराने, गुपचूप. बाईने आपल्या तोंडात हात घातला हे गावाला कळलं तर! कुणी कुणी तर अट घालायचे, कातडी हातमोजे घाल, परक्या बाईचा उघडा हात ओठांना लागणं असभ्य आहे. कातडी हातमोजे घालून कुणी दाढ उपटेल का? चिमटा सटकायचा. मग ती म्हणायची, आता डोळे घट्ट मिटा, दुखणार आहे. आणि त्याने डोळे मिटले की हातमोजा काढून ठेवायची.

हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला गाडी बाजूला घ्यावी लागली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मेल्यांना दाढ तिच्याकडूनच काढून हवी, आणि वर हात विटाळाचा!" तू हसू आवरून म्हणालीस, "ती पेशंटना मागच्या दाराने घ्यायची. मी माझ्याच घरात मागच्या दाराने शिरते." एवढंच. आणि गाडी सुरू केलीस.

त्या कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला टेकते तिथे, एक बारीक पान कोरलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. जोन म्हणाली, पणजीच्या प्रत्येक कामावर ते असायचं. दारावर नाव लावता येत नव्हतं, तर बाईने ही खूण काढली. तेव्हापासून तूही सुरू केलंस. क्लिनिकमागच्या खोलीत तू स्वतः कवळ्या बनवायचीस, आणि शेवटचा हात फिरवून झाला की आतून एक पान. मला दाखवलंस तेव्हा मी विचारलं, "याचा उपयोग काय? कुणाला दिसणार? तुझ्या त्या बाईचं नाव तरी राहिलं का? पणतीलासुद्धा नुसतं ग्रॅनी टूथ एवढंच माहीत!" तू म्हणालीस, "दिसायला कशाला हवं? हे मी केलंय, मला कबूल आहे, एवढं सांगायचं असतं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कामावर असणार ते." मी म्हटलं, "वा! म्हणजे सही करायची, तीही लोकांच्या थुंकीत बुडवून." हे भांडण आपलं मिटलंच नाही.

हळदीकुंकवाला तुला ग्रॅनी टूथबद्दल सगळ्यांना सांगायचं होतं. तू तयारी केली होतीस, ती कवळीसुद्धा जोनकडून मागून आणली होतीस, मऊ फडक्यात गुंडाळून. शर्वरीने तुला स्वयंपाकघरात गाठलं. जेवणाआधी दात-बित नको. त्यापेक्षा तू रांगोळीची परीक्षक हो ना! आणि तू झालीस. मी तुला हॉलबाहेर ओढून नेलं. "माइक घे हातात. कोण अडवतंय बघू." तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष कुठलं! पोटात दुखतंय म्हणालीस, आणि ऋतू बदलायच्या आत संपलीस. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी, खिडकीतून तुला आवडणारी इथली लाल माती दिसत होती, तू म्हणालीस, "माधे, ग्रॅनी टूथचं राहिलं गं. तू सांगशील?" मी म्हटलं, "मी? कवळी म्हणताना मला उलटी होईल." तू हसलीस आणि हसताना तुला दुखलं. मी हो म्हणाले नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. ते तसंच आपल्या दोघींमध्ये पडून राहिलं.

तर काल शर्वरीने माझं नाव पुकारलं. पुढच्या रांगेत तुझ्या सासूबाई. मागे, दारापाशी, जोन. रिया तिला घेऊन आली होती. पत्रावळींवर लाडू वाढून झाले होते, काहींनी खायलाही सुरुवात केली होती. शर्वरीने माइक देताना माझा हात दाबला, लक्षात आहे ना, अशा अर्थी. होतं लक्षात.

मी म्हटलं, "अनघा दातांची डॉक्टर होती." एवढ्यावरच दोन-चार माना वर झाल्या. मग मी थांबले नाही. अर्धं मराठीत, अर्धं जोनसाठी इंग्लिशमध्ये सांगत गेले. नवऱ्याचे थरथरणारे हात, मागचं दार, कातडी हातमोजे, मिटलेले डोळे. पू, रक्त, थुंकी, काही वगळलं नाही. कवळी हा शब्दसुद्धा उच्चारला. मग तुझ्यावर आले. लाँड्री, जुलैची आंघोळ, बरणी. सुहासने मान खाली घातली. शर्वरी हाताने "पुरे, पुरे" करत होती. मी म्हटलं, "तुम्हाला तिचे पोहे आठवतात. तुमच्या तोंडात तिचे हात होते, त्याचं काय? तिने केलेल्या प्रत्येक कवळीत आतून एक पान कोरलेलं आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी घरी जाऊन बघा."

"नो नीड, लव्ह!" मागून आवाज आला. जोन उभी राहिली, तोंडात दोन बोटं घातली आणि वरची कवळी काढून उंच धरली. लखलखीत, ओली. बोळक्या तोंडाने ओरडली, "शी मेड धिस वन!"

काय सांगू तुला! एका बाईने लाडू पत्रावळीवर टाकला. कुणीतरी "ईऽऽ" केलं. शर्वरीने तोंडाला पदर लावला. रिया मात्र टाळ्या वाजवत सुटली, एकटीच, रडत, हसत. आणि मी बघितलं, तुझ्या सासूबाईंनी तोंड गच्च मिटून घेतलं होतं. घास आतच होता.

कारण त्यांच्या तोंडातही तुझीच कवळी ना! गेल्या हिवाळ्यात केलेली, तू पानं कोरायला लागल्यानंतरची. विटाळाचे हात तेव्हा चालले. सगळे दात तू काढलेस, माप तू घेतलंस, टोचतंय म्हणून दहादा घासून तू दिलीस. आणि इथल्या बायकांना त्या काय सांगत होत्या? "माझ्या सुहासने करून दिली हो." मी समोर होते. तूही होतीस, मंडळाच्या कार्यक्रमासाठी बटाटेवडे तळत. तू पुढचा वडा तेलात सोडलास. परतताना मी चिडून म्हटलं, "तू सगळं गिळतेस, अनघा." तू म्हणालीस, "सगळं नाही." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

भाषण संपल्यावर मी पाणी प्यायला हॉलच्या स्वयंपाकघरात गेले. सिंकपाशी सासूबाई एकट्याच उभ्या होत्या. कवळी हातात, नळाखाली धरलेली. गाल आत गेलेले, एकदम लहानशा दिसत होत्या. उलटीपालटी करून डोळ्यांजवळ नेत होत्या. मला बघून त्या दचकल्या, आणि मग ती ओली कवळी सरळ माझ्या तळहातावर ठेवली.

"बघ गं जरा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. आहे का पान?"

माझ्या हातावर, अनघा! कोमट होती. एका दाताच्या खाचेत बुंदीचा दाणा अडकला होता. तरी मी ती टाकली नाही. फोनचा टॉर्च लावला. टाळूची बाजू बघितली. अंगठ्याने पुसून पुन्हा बघितली. काम काय सुबक होतं गं, कुठे ओरखडा नाही. आणि कुठे पानही नाही. एवढी सगळी कोरी.

मला आधी कळेचना. मग कळलं. प्रत्येक कामावर असणार म्हणाली होतीस. जोनला दिलंस, नर्सिंग होममधल्या त्या म्हाताऱ्यांना दिलंस ज्यांची नावंही तुला येत नव्हती. काम हिचंही तितकंच चोख केलंस, त्यात कसूर नाही. फक्त नाव दिलं नाहीस. म्हणजे तुलाही किळस येत होती. इतकी वर्षं, माझ्याइतकीच. आणि मी मूर्ख तुला बुळी म्हणत होते.

"आहे ना?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते, तेही सांगते, खोटं कशाला बोलू. त्यांना ते हवं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं. क्षणभर वाटलं, आहे म्हणावं. काय बिघडतं?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी कवळी परत घेतली. तोंडात बसवली. सुहासने करून दिली असं या खेपेला म्हणाल्या नाहीत.

नळ चालू होता, साबणही होता. मी हात धुतला नाही. मी, माधवी! तसाच ओला हात घेऊन बाहेर आले, ताटातला एक लाडू उचलला आणि तुझ्या त्या नथवाल्या फोटोपुढे ठेवला. नैवेद्य वेगळा वाढलेला होता, सोवळ्यातला, तो बाजूला सरकवला. शर्वरी बघत होती, सगळे बघत होते.

घे अनघा. उष्ट्या हाताचा आहे.